गाणं फुकट फिरलं की कलाकाराचं नेमकं काय जातं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यातली एक तरुण गायिका आणि तिचा संगीतकार भाऊ. दोघांनी घरचे तीन लाख रुपये घालून आठ अभंग ध्वनिमुद्रित केले आणि आषाढीच्या तोंडावर सगळ्या अ‍ॅपवर आणले. चौथ्याच दिवशी आठही अभंगांच्या एमपी३ फाइली एका टेलिग्राम चॅनेलवर आणि दोन डाउनलोड साइटवर दिसायला लागल्या. ती गायिका विचारते, या लोकांच्या मागे लागायचं, की 'पसरू दे, नाव तरी होईल' म्हणून सोडून द्यायचं? आणि दुसरं असं की फाइल शेअरिंगनं कॅसेट कंपन्या बुडाल्या असं सगळे सांगतात, मग त्यात कलाकाराचं काय झालं?

मी १९९३ पासून पुण्यात रेकॉर्डिस्टचं काम करतो. १९९७ ते २०१० माझं स्वतःचं छोटं लेबलही होतं. अभंग, नाट्यपदं, थोडं शास्त्रीय असं आम्ही काढायचो. ते लेबल बंद पडलं ते फुकट फिरणाऱ्या फाइलींमुळेच, त्यामुळे या विषयावर मी तटस्थ नाही. तरी तुमच्या पहिल्या प्रश्नाला माझं उत्तर असं आहे: टेलिग्रामवाल्याची एक नीट तक्रार करा, पण त्याआधी कपाटातले कागद बाहेर काढा. ध्वनिमुद्रणाच्या दिवशी कोणाकोणाची सही घेतली, गाणी सगळीकडे चढवून देणाऱ्या डिस्ट्रिब्युटरच्या साइटवर 'मान्य आहे' असं बटण दाबताना नेमकं काय मान्य केलं, ते वाचा. तुमचा पैसा जायचा असेल तर त्या कागदांतून जाईल. फुकट फाइलीतून जातं ते वेगळंच असतं, आणि ते मी एकदा डोळ्यांनी पाहिलंय.

पण आधी परदेशातली गोष्ट, कारण सगळे तिचाच दाखला देतात. जून १९९९ मध्ये शॉन फॅनिंग या कॉलेजातल्या मुलानं नॅपस्टर सुरू केलं. एकाच्या संगणकावरची एमपी३ फाइल दुसऱ्याला थेट घेता यायची, नॅपस्टर फक्त कोणाकडे काय आहे याची यादी ठेवायचं. डिसेंबर १९९९ मध्ये मोठ्या कंपन्या न्यायालयात गेल्या, २००० मध्ये मेटालिका हा बँड गेला, आणि जुलै २००१ मध्ये ते बंद पडलं. त्याच्या जागी काझा, लाइमवायर, बिटटोरंट आले. सप्टेंबर २००३ पासून अमेरिकी कंपन्यांच्या संघटनेनं थेट श्रोत्यांवर खटले भरले, अगदी शाळकरी मुलांवरसुद्धा. पाच वर्षांनी ते धोरण सोडून दिलं. ध्वनिमुद्रित संगीताचं जगभरचं उत्पन्न १९९९ च्या सुमारास शिखरावर होतं, ते २०१४ पर्यंत घसरत गेलं आणि मग स्ट्रीमिंगमुळे पुन्हा चढलं. २०२४ चा आकडा २९.६ अब्ज डॉलर आहे.

घसरणीतला किती वाटा फाइल शेअरिंगचा, यावर अर्थतज्ज्ञ वर्षानुवर्षं भांडले. ओबरहोल्झर-गी आणि स्ट्रम्फ यांनी २००७ मध्ये म्हटलं की विक्रीवर झालेला परिणाम शून्यापासून वेगळा काढता येत नाही. लिबोविट्झ यांनी त्यांच्या पद्धतीलाच हरकत घेतली. हा वाद अमेरिकेतल्या खपणाऱ्या अल्बमबद्दल आहे. आपल्याकडच्या अभंगाच्या कॅसेटला तो लावायला गेलात तर काहीच हाती लागणार नाही, कारण आपल्याकडे फाइल इंटरनेटवरून आलीच नाही. ती चालत आली.

२००० च्या आसपास पुण्यात डायल-अपवर पाच एमबीचं एक गाणं उतरवायला, लाइन तुटली नाही तर, वीस मिनिटं लागायची. कोण बसणार? आधी आल्या रस्त्यावरच्या एमपी३ सीडी. एका सीडीत दीडशे गाणी मावायची, म्हणजे दहा-पंधरा कॅसेटी एका कॅसेटच्या भावात. आणि मग आलं मेमरी कार्ड. आपल्याकडचं खरं नॅपस्टर म्हणजे रिचार्जचं दुकान.

जून २००९. पालख्या पुण्यात मुक्कामाला होत्या, ज्ञानोबांची भवानी पेठेत पालखी विठोबाला आणि तुकोबांची नाना पेठेत निवडुंग्या विठोबाला. त्या दोन दिवसांत आम्ही दरवर्षी तिथे टेबल लावायचो. छोट्या भक्तिसंगीतवाल्यांचा तो हंगामच. वर्षभरात खपणाऱ्या मालातला मोठा भाग वारीत आणि गणपतीत जायचा. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत माझ्या टेबलावरून अकरा कॅसेटी आणि चार सीडी गेल्या. समोरच्या रिचार्जच्या दुकानात मात्र रांग होती. मी उठून तिकडे गेलो.

एक पागोटं घातलेले आजोबा पुढे होते. दुकानातल्या पोरानं त्यांच्या मोबाइलचं मागचं झाकण काढलं, बॅटरी काढली, खालून नखाएवढं कार्ड काढून रीडरमध्ये घातलं. ''काय भरू माउली?'' ''अभंग भर.'' पडद्यावर फोल्डर होते: मराठी नवीन, लावणी, डीजे, भीमगीतं, अभंग सर्व. त्यानं 'अभंग सर्व' उचलून कार्डात टाकला. हिरवी पट्टी सरकत असताना लागतंय का बघायला एक फाइल वाजवली. पखवाजाचे पहिले चार बोल ऐकले आणि मी ओळखलं. हा माझा टेक होता. त्या बोलांसाठी पखवाजाला माइक किती लांब ठेवावा यावर आम्ही अर्धी सकाळ घालवली होती.

मी त्याला विचारलं, ''हे गातंय कोण?'' त्यानं पडदा माझ्याकडे वळवला. फाइलचं नाव 'ट्रॅक ०७'. कलाकाराच्या रकान्यात एका डाउनलोड साइटचा पत्ता. अल्बमच्या रकान्यातही तोच पत्ता. चित्राच्या जागी त्या साइटचं चिन्ह. ''माहीत नाही काका,'' तो म्हणाला, ''पण हे सगळे मागतात.'' आजोबांनी वीस रुपये दिले, कानाला मोबाइल लावला आणि गर्दीत निघून गेले.

त्या फाइलीत गाणारे बुवा सासवडकडचे, शाळेत शिक्षक. आमच्या कॅसेटच्या आतल्या घडीच्या कार्डावर, ज्याला आम्ही इनले म्हणायचो, त्यांचं नाव होतं, चाल कोणाची ते होतं, तबला, पखवाज, पेटी, टाळ, सगळ्यांची नावं होती आणि खाली आमचा फोन नंबर. त्या नंबरावर लोक फोन करून विचारायचे, ''ते सातव्या अभंगाचे बुवा आमच्या सप्ताहाला येतील का?'' कॅसेटमधून बुवांना मिळायचे ते पैसे किरकोळ, पण त्या फोनातून कार्यक्रमांच्या सुपाऱ्या यायच्या, आणि त्यांचं वर्ष त्यावर निघायचं. २००९ च्या वारीत त्यांचा आवाज आमच्या कुठल्याही कॅसेटपेक्षा लांब पोचला असेल, आणि त्या वर्षी आमच्या फोनवर त्यांच्यासाठी एकही नवं बोलावणं आलं नाही.

म्हणून 'पसरू दे, नाव तरी होईल' हे मला पटत नाही. पसरतं ते गाणं. नाव सोबत जाईल याची सोय कोणीतरी करावी लागते.

आता कंपन्यांचं. मोठ्या लेबलांनी फार आरडाओरड केली, आणि त्यांचं नुकसान झालंही, पण त्यांच्याकडे पन्नास-साठ वर्षांचा साठा होता. २००५ नंतर कॉलर ट्यूनचं पीक आलं, आणि गाण्याचा वीस-तीस सेकंदांचा तुकडा महिन्याच्या भाड्यानं विकला जायला लागला. दूरसंचार नियामक ट्रायनं २०१३ मध्ये ग्राहकाची दुहेरी संमती सक्तीची केली आणि ते पीकही ओसरलं. पुढे सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, डेटा स्वस्त झाला, कार्ड भरून देणारी दुकानं वर्षा-दोन वर्षांत संपली, आणि तेच श्रोते यूट्यूबवर गेले. जुना साठा ज्यांच्याकडे होता ते या प्रत्येक पायरीवर पुन्हा कमावते झाले.

छोट्या लेबलाचं गणित वेगळं होतं. आमच्या पाच कॅसेटींतली एक चालायची. चालणारी बहुधा अभंगांची किंवा आरत्यांची. तिच्या पैशातून आम्ही अशी एखादी काढायचो जी चालणार नाही हे आधीच ठाऊक असायचं: सत्तरीतल्या नटाची नाट्यपदं, एखाद्या घराण्यातल्या अप्रसिद्ध गायिकेचे दोन राग. पुण्यात ही परंपराच होती. कर्वे रस्त्यावरच्या अलूरकर म्युझिक हाऊसनं शास्त्रीय संगीताच्या ज्या कॅसेटी काढल्या, त्या शोधत आम्ही विद्यार्थी असताना जायचो. कार्डवाल्याच्या फोल्डरमध्ये मात्र नेमकी चालणारीच कॅसेट जाते. न चालणारी कोणी चोरत नाही, ती शाबूत राहते आणि तिचा खर्च काढणारी दुसरी मेलेली असते. माझ्या वहीत २००८ च्या पानावर चार ध्वनिमुद्रणं ठरलेली आहेत. त्यातलं एकही झालं नाही. त्या चौघांपैकी तिघे आज हयात नाहीत. फाइल शेअरिंगच्या नुकसानीचे आकडे कोणी मांडले की मला ते पान आठवतं, कारण जे ध्वनिमुद्रित झालंच नाही ते कुठल्याच आकड्यात येत नाही.

तुमचा दुसरा प्रश्न, यात कलाकाराचं काय झालं? बहुतेक गायक-वादकांना त्या काळात विक्रीतला वाटा मिळतच नव्हता. एकरकमी मानधन, व्हाउचरवर तिकीट लावून सही, आणि 'सर्व हक्क कायमचे' असं एक वाक्य. हे मीही केलंय. सासवडच्या त्या बुवांना मी एकदाच पैसे दिले, दुसरी आवृत्ती काढली तेव्हा दिले नाहीत, आणि ते चुकलं हे मला फार उशिरा कळलं. तेव्हा सगळेच असं करायचे. रॉयल्टीसाठी लताबाईंनी साठच्या दशकात भांडण घेतलं, पण जिथे लताबाईंना भांडावं लागलं तिथे टाळकऱ्याला कोण विचारणार? १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांच्या संस्थेच्या खटल्यात म्हटलं की चित्रपटासाठी पैसे देऊन करून घेतलेल्या गीत-संगीताचा पहिला मालक निर्माताच असू शकतो. पुढची पस्तीस वर्षं उद्योग त्याच पायावर चालला. ज्याचा वाटाच नव्हता त्याचा वाटा चोरीला गेला असं म्हणता येत नाही. म्हणून कलाकार 'वाचला' असं दिसतं.

२०१२ मध्ये हे बदललं. जावेद अख्तर तेव्हा राज्यसभेत होते, त्यांनी हा विषय लावून धरला, आणि कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली. तुम्ही याच काळात काम करताय, म्हणून तुमच्या आठ अभंगांवर ती लावून बघू.

शब्द तुकोबांचे, त्यांच्यावर कोणाचाच हक्क नाही, कोणीही गावेत. चाल तुमच्या भावाची, तिच्यावर त्याचा हक्क, हयातभर आणि नंतर ६० वर्षं. ध्वनिमुद्रणाचा खर्च तुम्ही केला म्हणून मास्टरचे, म्हणजे मूळ ध्वनिमुद्रणाचे, मालक तुम्ही, प्रसिद्ध केल्याच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं. आणि गायिका म्हणून तुमचा, तसाच प्रत्येक वादकाचा, सादरीकरणावरचा हक्क वेगळा, तो ५० वर्षं. चालीचा हक्क भावानं उद्या एखाद्या लेबलला लिहून दिला, तरी त्या चालीच्या वापरातून येणाऱ्या रॉयल्टीत त्याचा समान वाटा राहतो. तो सोडून देतो असं करारात लिहिलेलं असलं तरी कायदा ते मानत नाही. हक्क लिहून देणं लेखी आणि सहीनंच व्हावं लागतं. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. करार करताना जे माध्यम अस्तित्वातच नव्हतं, त्याचा खास उल्लेख नसेल तर ते त्या करारात येत नाही. कॅसेटच्या काळात असं कलम असतं तर कितीतरी जुन्या गायकांच्या घरी आज यूट्यूबचे पैसे येत असते.

(ओघात एक सांगतो, कारण अभंगांनंतर तुम्ही जुनी भावगीतं करणार असं लिहिलंय. १९६४ पर्यंत प्रसिद्ध झालेल्या ध्वनिमुद्रिकांची मुदत २०२४ अखेर संपली. पण शब्द आणि चाल यांची मुदत वेगळी चालते. गदिमा १४ डिसेंबर १९७७ ला गेले, म्हणजे त्यांनी लिहिलेल्या चित्रपटगीतांच्या शब्दांची मुदत २०३७ च्या शेवटापर्यंत आहे. जुनी तबकडी मोकळी झाली म्हणून गाणं मोकळं झालं असं समजू नका.)

आता स्ट्रीमिंगमधून किती मिळतं, ते सरळ सांगतो. माझ्याकडे जी विवरणपत्रं येतात त्यात एखादं ध्वनिमुद्रण लाखभर वेळा ऐकलं गेलं की चार आकडी रुपये दिसतात. बहुतेक अ‍ॅप महिन्याचा सगळा गल्ला एकत्र करतात आणि एकूण ऐकण्यांत तुमचा हिस्सा किती, त्या प्रमाणात वाटतात. तुमच्या मावशी महिनाभर फक्त तुमचेच अभंग ऐकत असल्या, तरी त्यांनी भरलेल्या पैशातला मोठा भाग हिंदी चित्रपटगीतांना जातो. स्पॉटिफायनं २०२४ पासून आणखी एक अट घातली आहे: मागच्या १२ महिन्यांत किमान १,००० वेळा ऐकलं न गेलेल्या ट्रॅकला ध्वनिमुद्रणाची रॉयल्टीच मिळत नाही. आठातल्या तीन-चार अभंगांना ही अट लागेल असं धरून चला. म्हणजे टेलिग्रामवर पाचशे जणांनी तुमची फाइल घेतली, तर त्या पाचशे जणांनी अ‍ॅपवर ऐकून तुम्हाला जे दिलं असतं ते एका चहा-वडापावचं बिल. त्यासाठी रात्रीची झोप घालवू नका.

पण तोच संग्रह यूट्यूबवर कोणी स्वतःच्या नावानं चढवला तर एक दिवसही थांबू नका. तिथे तो माणूस तुमच्या मास्टरचा मालक म्हणून उभा राहतो आणि नंतर तुमच्याच व्हिडिओवर दावा ठोकतो. २०२१ मध्ये माझ्या एका विद्यार्थिनीनं यमनचा पाऊण तासाचा आलाप चढवला. एका कंपनीचा दावा आला की हे आमचं ध्वनिमुद्रण आहे. जुळलं काय होतं? तानपुरा. तिनं आणि त्या कंपनीच्या गायिकेनं एकच तानपुऱ्याचं अ‍ॅप वापरलं होतं आणि दोघींची पट्टी काळी पाच होती. यंत्राला षड्ज-पंचम सारखाच ऐकू येणार. दावा सुटायला पाच आठवडे गेले आणि तोवर त्या व्हिडिओवरचे पैसे अडकले. तुमच्या डिस्ट्रिब्युटरनं 'कंटेंट आयडी', म्हणजे यूट्यूबची असे जुळणारे आवाज शोधणारी यंत्रणा, चालू केलं असेल, तर सुरुवातीचा नुसत्या तानपुऱ्याचा भाग त्यातून वगळायला सांगा. नाहीतर उद्या तुमच्या नावानं दुसऱ्या कुणाला असाच दावा जाईल.

तक्रार कशी करायची, तेही सांगतो. २०१३ च्या कॉपीराइट नियमांप्रमाणे मालकानं लेखी तक्रार दिली की साइटनं किंवा सेवेनं ३६ तासांत ती प्रत बंद करायची असते. २१ दिवसांत न्यायालयाचा आदेश आणला नाही तर ते पुन्हा चालू करू शकतात. तक्रारीत कामाचं नाव, मालकीचा पुरावा आणि नेमकी लिंक द्या, नुसतं 'आमची गाणी चोरली' लिहू नका. टेलिग्राम चॅनेलमागचा माणूस कळत नाही म्हणून लोक गप्प बसतात. पण २०२२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं एका शिक्षिकेच्या खटल्यात टेलिग्रामला चॅनेल चालवणाऱ्यांची माहिती देण्याचा आदेश दिलाय, एवढा उल्लेख तक्रारीत केला तरी उपयोग होतो. डाउनलोड साइट बंद केली की दुसऱ्या नावानं येते, तिच्या मागे एकदाच लागा. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या फाइलींकडे बघूही नका. तुमच्या आत्यानं भिशीच्या ग्रुपवर टाकलेला अभंग ही चोरी आहे असं मला, लेबल गमावलेल्या माणसालाही, वाटत नाही.

एक गोष्ट मला मान्य करावीच लागेल. फाइली फिरल्या म्हणून माझ्या पिढीनंतरच्या विद्यार्थ्यांचे कान तयार झाले. खासगी मैफिलींची जी ध्वनिमुद्रणं आम्हाला संग्राहकांच्या घरी, चहा पिऊन, त्यांच्या मर्जीनं एकदाच ऐकायला मिळायची, ती आज सोलापूरच्या किंवा परभणीच्या मुलीला हव्या त्या वेळी ऐकता येतात. तीन तासांचा दरबारी, मध्येच खोकला, मागून कोणाची तरी 'क्या बात है'. असं गाणं कुठल्याच कंपनीनं काढलं नसतं. पण यातल्या बहुतेक फाइलींना गवयाची संमती नव्हती, आणि साथीला कोण होतं ते लिहिलेलंच नाही. ऐकून ठेका कोणाचा हे ओळखणारी माणसंही आता कमी होत चालली आहेत.

म्हणजे पुन्हा नावापाशीच आलो. यावर एक जुना इलाज आहे. १९०२ मध्ये कलकत्त्यात गौहर जाननं तबकड्या दिल्या तेव्हा गाण्याच्या शेवटी ती स्वतःचं नाव इंग्रजीत मोठ्यानं सांगायची, कारण तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला बनायच्या आणि तिथल्या माणसांना लेबलावर नाव कोणाचं छापायचं ते कळायला हवं होतं. आणि तिच्याही कितीतरी आधीपासून आपल्या अभंगांत हेच चालत आलंय. 'तुका म्हणे' शेवटच्या चरणात आहे म्हणून साडेतीनशे वर्षं तोंडोतोंडी फिरूनही अभंग कोणाचा हे कळतं. नाव गाण्याच्या आत आहे, ते पुसायचं तर चरणच मोडावा लागतो.

तुम्ही असं करा. अ‍ॅपवरची आवृत्ती आहे तशी राहू द्या. तिच्या जोडीला स्वतःच्या पानावर आठही अभंग चांगल्या दर्जाच्या एमपी३ मध्ये मोफत ठेवा, म्हणजे लोकांना फाइल हवी तेव्हा चोरट्या साइटवर जावं लागणार नाही. त्या फाइलींत प्रत्येक रकाना भरा: गायिका, चाल, प्रत्येक वादक, रेकॉर्डिस्ट, फोन नंबर. आणि प्रत्येक अभंग संपल्यावर दोन सेकंद शांतता ठेवून भावाच्या आवाजात सात-आठ सेकंदांची ओळ घाला: गायिका कोण, चाल कोणाची, पखवाजावर कोण. रकाने पुसणं हे साइटवाल्यांचं रोजचं काम आहे, पण फाइल उघडून शेवट कापत बसायला त्यांना वेळ नसतो. हा प्रयोग मी २०१८ पासून सहा संग्रहांवर केलाय, आणि त्यातल्या दोघा गायकांना 'शेवटी नाव ऐकलं म्हणून फोन केला' असे फोन येतात.

त्यासोबत भावानं आयपीआरएसचं सदस्य व्हावं. १९६९ पासूनची ही संस्था २०१७ मध्ये पुन्हा नोंदली गेली, तेव्हापासून गीतकार-संगीतकारांकडे पैसे नियमित यायला लागले आहेत. नोंदवताना शब्द पारंपरिक, चाल त्याची असंच लिहावं. शब्दांचा हिस्सा आपल्या नावावर घेण्याचा मोह काही जणांना होतो, तो खोटेपणा आहे. प्रत्येक ट्रॅकची ओळख पटवणारा बारा अक्षर-अंकांचा आयएसआरसी क्रमांक डिस्ट्रिब्युटरकडून मागून वहीत लिहून ठेवा. डिस्ट्रिब्युटर बदलला तरी तोच क्रमांक पुढे न्या, नाहीतर ऐकण्यांचा आकडा शून्यापासून सुरू होतो. डिस्ट्रिब्युटरच्या करारात दोन गोष्टी बघा: बाहेर पडायला किती दिवसांची नोटीस लागते, आणि दर वर्षीची फी भरली नाही तर गाणी काढून टाकतात का. मास्टरच्या वेव्ह फाइली आणि सुटे ट्रॅक दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवा, एक घरी आणि एक दुसऱ्या कोणाच्या घरी. माझी १९९८ ची एक पूर्ण डॅट (डिजिटल टेप) बुरशीनं गेली, आणि आज त्या ध्वनिमुद्रणाची जगात उरलेली एकमेव प्रत म्हणजे एका डाउनलोड साइटवरची १२८ केबीपीएसची, म्हणजे हलक्या दर्जाची, फाइल आहे. मी ती उतरवून ठेवली आहे.

शेवटचं, आणि तुमच्या बाबतीत मला सगळ्यात तातडीचं वाटतं ते. तुमच्या सविस्तर प्रश्नात तुमचं नाव आहे, भावाचं आहे, स्टुडिओचं आहे, खर्चाचा हिशोबही आहे. पखवाज कोणी वाजवला ते कुठेच नाही. अ‍ॅपवर जाऊन पाहिलं, तिथेही नाही. कायद्यानं वादकालाही स्वतःचं नाव लावून घेण्याचा हक्क आहे, आणि व्यावसायिक वापरातल्या रॉयल्टीचाही. या आठवड्यात त्यांच्याकडे जा, मानधन किती दिलं आणि पुढे काही आलं तर त्यातलं किती देणार हे एका कागदावर लिहून दोघांच्या सह्या घ्या, आणि डिस्ट्रिब्युटरला आठही ट्रॅकवर त्यांचं नाव घालायला सांगा. मग टेलिग्रामची तक्रार लिहायला बसा.